पावसात सारखी लाईट जातेय? आधी ती कुठून गेली ते शोधा

मे महिना संपत आला, वळवाचे चार थेंब पडले की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज सुरू होतो, "सगळ्यांची लाईट गेली का?" मग कोणी म्हणतं आमच्याकडे आहे, कोणी म्हणतं ए विंगला आहे पण बी विंगला नाही, कोणी विचारतं कम्प्लेंट केलीय का कोणी, आणि त्यावर सगळे गप्प, कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केली असेल. यात अर्धा-पाऊण तास आरामात जातो. आमच्या ठाण्यात घोडबंदर रोडवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, नौपाडा, कोपरी, वागळे, खाडीपलीकडे ऐरोली-कोपरखैरणे, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालतं. माझ्या घरी सासूबाईंना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं विजेवरचं मशीन, लागतो, त्यामुळे तो पाऊण तास मला परवडत नाही. म्हणून इलेक्ट्रिशियन, वायरमन, सोसायटीतले जुने जाणते लोक, सगळ्यांना विचारून विचारून जे समजलं ते इथे एकत्र लिहितेय.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की लाईट गेली म्हणजे नक्की कुठून गेली हे पहिल्या पाच मिनिटांत ठरवा. तुमच्या घरातली गेली, मजल्याची किंवा विंगची गेली, बिल्डिंगच्या मीटर रूममधून गेली, रस्त्यावरच्या पिलरमधून (वीज वाटणारी लोखंडी पेटी) किंवा डीपीवरून (परिसराचा ट्रान्सफॉर्मर) गेली, की अख्ख्या फीडरची (सबस्टेशनमधून अनेक बिल्डिंगना येणारी मुख्य लाईन) गेली, या प्रत्येकाला माणूस वेगळा लागतो आणि वेळही वेगळा लागतो. घरातला एमसीबी, म्हणजे शॉर्ट झाला किंवा लोड वाढला की आपोआप बंद होणारा स्विच, पडलाय आणि आपण हेल्पलाईनला फोन लावून बसलोय, किंवा रस्त्यावरची केबल जळलीय आणि आपण सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला रात्री एक वाजता उठवतोय, दोन्हीत वेळ वायाच जातो.

पहिली पाच मिनिटं

दार उघडून पॅसेजची लाईट बघा, मग खिडकीतून समोरची बिल्डिंग बघा. पॅसेजची लाईट सोसायटीच्या कॉमन मीटरवर असते, ती चालू आणि घरात अंधार असेल तर बहुतेक प्रॉब्लेम तुमच्याच लाईनचा आहे. पण सोसायटीचा जनरेटर सुरू झालेला असेल तर पॅसेजची लाईट त्याच्यावर असते, मग तिच्यावरून काहीच कळत नाही, आधी वॉचमनला इंटरकॉमवर विचारा जनरेटर चालू आहे का. रस्त्यावरच्या दिव्यांवरूनही अंदाज बांधू नका, त्यांचं कनेक्शन वेगळं असतं. समोरच्या बिल्डिंगमध्ये एखाददुसरी खिडकी उजळ दिसली तर तो कोणाचा इन्व्हर्टरही असू शकतो, चार-पाच घरं आणि खालची दुकानं बघून मगच ठरवा.

आणखी एक सोपी खूण म्हणजे मीटर. खाली जाऊन टॉर्चने, लांबूनच, हात न लावता, आपल्या मीटरचा डिस्प्ले बघायचा. डिस्प्ले चालू आणि घरात लाईट नाही, म्हणजे मीटरपासून घरापर्यंत कुठेतरी गडबड आहे, ते काम आपल्या इलेक्ट्रिशियनचं. डिस्प्लेच बंद असेल तर बहुतेक वेळा मीटरपर्यंतच वीज येत नाहीये. मीटर रूममध्ये पाणी असेल, जमीन ओली असेल किंवा जळका वास येत असेल तर आत पाऊलसुद्धा टाकायचं नाही. नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये मीटर जिन्याखाली लाकडी फळीवर असतात आणि पावसात तिथल्या भिंतीला ओल येते, तिथे तर अजिबात हात लावू नका.

फक्त तुमच्याच घरात गेली असेल तर

मेन बॉक्स उघडा. एखादा छोटा एमसीबी खाली पडलेला असेल तर त्या लाईनवर शॉर्ट आहे किंवा लोड जास्त झालाय, त्या लाईनवरची उपकरणं काढून मग वर करून बघा, परत पडला तर तसाच ठेवून इलेक्ट्रिशियनला बोलवा. पण पावसाळ्यात जास्त त्रास देतो तो आरसीसीबी, ज्याला आपण बरेच जण ईएलसीबी म्हणतो, टेस्टचं बटण असलेला रुंद स्विच. घरासाठी बहुतेक ३० मिलिअँपिअरचा लावतात, म्हणजे एवढासा करंट जरी भिंतीत, पाण्यात किंवा माणसाच्या अंगातून जमिनीकडे गळायला लागला तरी तो पडतो. त्यामुळे तो पडला म्हणजे बिघडला असं समजू नका, त्याने त्याचं काम केलंय.

शोधायचं असं, की सगळे एमसीबी खाली करा, सगळे प्लग खरोखर सॉकेटमधून उपसा, नुसते स्विच बंद करून चालत नाही कारण सिंगल पोल एमसीबी आणि स्विच फक्त फेज (वीज आणणारी तार) तोडतात, न्यूट्रल (परतीची तार) जोडलेलाच राहतो आणि न्यूट्रलमधून अर्थला गळती असेल तर सगळं बंद असूनही आरसीसीबी राहत नाही. मग आरसीसीबी वर करा. राहिला, तर एकेक एमसीबी वर करत जा, ज्याला पडेल ती लाईन सापडली, मग त्या लाईनवरचे प्लग एकेक करून लावा. सगळं काढूनही राहत नसेल तर गळती वायरिंगमध्ये आहे, ते घरच्या घरी करायचं काम नाही. पावसात नेहमीचे गुन्हेगार म्हणजे गॅलरीतला दिवा, गॅलरीत ठेवलेलं वॉशिंग मशीन, गिझर, एक्झॉस्ट फॅन आणि एसीचं बाहेरचं युनिट. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत शेवटी गॅलरीतला दिवाच निघालाय, होल्डरमध्ये पाणी.

आणि हात जोडून सांगते, सारखा पडतो म्हणून आरसीसीबी बायपास करून घेऊ नका. काही इलेक्ट्रिशियन पटकन करून देतात, लाईट येते, आपणही खूश. पण त्यानंतर ओल्या हाताने गिझरचा नळ धरणाऱ्या माणसाला वाचवायला घरात काही उरत नाही. लहान मुलं असतात घरात.

अर्ध्या बिल्डिंगची गेली असेल तर

बिल्डिंगला तीन फेज येतात, लाल, पिवळा, निळा, आणि फ्लॅट या तिघांत वाटलेले असतात. एक फेज गेला की साधारण एक तृतीयांश घरं अंधारात आणि बाकीची चालू. ग्रुपवर कोणाची आहे कोणाची नाही याचा गोंधळ होतो तो बहुतेक यातूनच. अशा वेळी वॉचमनला पहिला फोन करायचा तो पाण्याचा पंप बंद करायला, कारण थ्री फेज मोटर दोनच फेजवर चालत राहिली तर घुमते, तापते आणि जळते. सिंगल फेज प्रिव्हेंटर लावलेला असेल तर मोटर आपोआप बंद होते, तुमच्या पॅनलमध्ये तो आहे का आणि चालतोय का हे पावसाआधी बघून घ्या. मोटर जळली तर लाईट येऊनही वरच्या मजल्यांना पाणी नाही.

जुन्या बिल्डिंगमध्ये फेज गेला की मीटर रूममध्ये जाऊन आपली वायर दुसऱ्या फेजवर टाकून घ्यायची सवय असते. एकाने केलं, दुसऱ्याने केलं, आणि सगळ्यांचे एसी एकाच फेजवर आले की तोही जळतो. मग अख्खी बिल्डिंग अंधारात. हे करू नका आणि करू देऊ नका.

आता जे सांगतेय ते प्लीज घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. कधी कधी लाईट जात नाही, तर अचानक बल्ब डोळे दिपतील इतके प्रखर होतात, पंखा नेहमीपेक्षा जोरात फिरायला लागतो, आणि त्याच वेळी शेजारच्या घरात दिवे मिणमिणतात. न्यूट्रल तुटल्याची ही खूण आहे. आपल्याला फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट मिळतात, पण दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास असतात, आणि न्यूट्रल सुटला की हे ४०० दोन घरांत वाटले जातात तेही असमान, एकाला ३०० च्या वर आणि दुसऱ्याला शंभर-सव्वाशे. टीव्ही, फ्रीज, राउटर एका मिनिटात जातात, आगही लागू शकते. एकेक स्विच बंद करत बसायचं नाही, सरळ मेन खाली पाडायचा, मग शेजाऱ्यांची बेल वाजणार नाही म्हणून दार वाजवायचं, त्यांचाही मेन पाडायला लावायचा, आणि कम्प्लेंट करताना स्पष्ट सांगायचं की न्यूट्रल गेलाय, व्होल्टेज वाढलंय. नुसतं "लाईटचा प्रॉब्लेम आहे" म्हटलं तर समोरच्याला किती तातडीचं आहे ते कळत नाही.

अख्ख्या बिल्डिंगची किंवा परिसराची गेली असेल तर

कम्प्लेंट करा, आणि दुसऱ्याने केली असेल असं धरून बसू नका. महावितरणचे नंबर १९१२ आणि १९१२०, शिवाय १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ हे टोल फ्री. जोरात पाऊस असला की लाईन लागत नाही, तेव्हा रजिस्टर केलेल्या मोबाईलवरून ०२२-५०८९७१०० ला मिस्ड कॉल देता येतो, किंवा इंग्रजीत नो आणि पॉवर हे शब्द जोडून, मग स्पेस, मग ग्राहक क्रमांक असा एसएमएस ९९३०३९९३०३ वर पाठवता येतो. ग्राहक क्रमांक बारा आकडी असतो, बिलावर वरच छापलेला असतो, आत्ताच्या आत्ता बिलाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा कारण अंधारात ती फाइल कोणालाच सापडत नाही. मोबाईल नंबर त्या ग्राहक क्रमांकाशी जोडलेला नसेल तर मिस्ड कॉलचा उपयोग नाही, तेही आधी करून ठेवा. कळवा, मुंब्रा, शीळ या भागात मार्च २०२० पासून वितरण टोरेंट पॉवरकडे आहे, तिकडच्या नातेवाइकांना महावितरणचे नंबर फॉरवर्ड करून उपयोग नाही, त्यांच्या बिलावरचा नंबर बघायला सांगा.

कम्प्लेंट करताना तुम्ही काय काय पाहिलंत ते सांगा. आवाज झाला का, कुठल्या बाजूला, पिलरमधून ठिणग्या दिसल्या का, झाड पडलंय का, समोरच्या बिल्डिंगला आहे का, एकच फेज गेलाय का. दोन वाक्यं पुरतात पण वायरमन त्यामुळे थेट योग्य ठिकाणी येतो. तार तुटून पडलेली दिसली तर तिच्याजवळ कोणालाही जाऊ देऊ नका, साचलेल्या पाण्यात पडली असेल तर त्या पाण्यातही नाही, आणि ती "बंद असेल" असं कोणीही म्हटलं तरी विश्वास ठेवू नका.

आता लोकांचा सगळ्यात मोठा राग, की पाऊस आला की लगेच का जाते आणि यायला इतका वेळ का लागतो. पहिल्या पावसाचं कारण बरेचदा इन्सुलेटर असतात. ओव्हरहेड लाईनवरचे चिनी मातीचे इन्सुलेटर उन्हाळाभर तापलेले असतात, त्यांच्यावर धूळ बसलेली असते, थेंब पडले की काहींना तडे जातात, त्यातून करंट खांबात उतरतो आणि सबस्टेशनचा ब्रेकर आपोआप पडतो. तडा खालून दिसत नाही, मग पावसात अंधारात एकेक खांब बघत जावं लागतं. तो माणूस भिजत खांबावर चढलेला असतो, त्याच्याशी फोनवर बोलताना एवढं तरी लक्षात ठेवूया.

अंडरग्राउंड केबलचा प्रकार वेगळा. कुठेतरी खोदकामात केबलला कुदळ किंवा जेसीबी लागलेला असतो, उन्हाळ्यात काही होत नाही, चार दिवस पाणी मुरलं की तिथेच किंवा जुन्या जॉइंटला केबल फुटते. मग फॉल्ट शोधायची गाडी येते, जागा सापडली की खोदायचं, खड्ड्यात पाणी भरतं ते उपसायचं, आणि जॉइंट ओला राहून चालत नाही म्हणून त्यावर ताडपत्री धरून काम करायचं. याला तासच्या तास लागतात. म्हणून फोन लागला की "कधी येणार" हे विचारण्यापेक्षा दोन गोष्टी विचारा, फॉल्ट ओव्हरहेडचा आहे की केबलचा, आणि दुसऱ्या बाजूने बॅकफीड होतंय का, म्हणजे दुसऱ्या लाईनवरून आपल्याला वीज देता येतेय का. दुसरीकडून बॅकफीड देता येत असेल तर केबल फुटूनही लाईट तासाभरात येऊ शकते. केबलचा फॉल्ट आणि बॅकफीड नाही असं उत्तर आलं तर रात्र काढायची तयारी लगेच सुरू करा, बॅटऱ्या वाचवा, पाणी जपून वापरा.

लाईट येते आणि दोन मिनिटांत परत जाते, परत येते परत जाते, असं झालं की सगळे वैतागतात. फॉल्ट कुठल्या तुकड्यात आहे हे शोधायला लाईनचा एकेक भाग जोडून बघतात, त्यात हे होतं. तेवढा वेळ फ्रीज, एसी, कॉम्प्युटर यांचे प्लग काढूनच ठेवा, एक दिवा चालू ठेवा, तो दहा मिनिटं सलग राहिला की मग बाकीचं लावा, एसी सगळ्यात शेवटी. सगळ्या बिल्डिंगने एकाच क्षणी एसी लावले तर तो लोडही फ्यूज उडवायला पुरतो.

क्वचित एखाद्या वेळी कम्प्लेंट करून काहीच उपयोग नसतो. १२ ऑक्टोबर २०२० आठवतो ना, सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद, लोकल जागच्या जागी उभ्या. गडबड कळवा आणि पडघ्याच्या ४०० केव्हीच्या लाईन्सवर झाली होती, आपल्या गल्लीतल्या डीपीचा काही संबंध नव्हता. मुलुंडपासून पनवेलपर्यंतच्या सगळ्या ग्रुपवर एकाच वेळी मेसेज यायला लागले की समजायचं हा तसला प्रकार आहे. मग हेल्पलाईनच्या मागे लागून फोनची बॅटरी संपवू नका. वादळाच्या वेळीही तसंच. १७ मे २०२१ ला तौक्ते इथून पुढे गेलं तेव्हा कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटरपर्यंत नोंदला गेला होता, झाडं तारांवर पडतात, आधी झाड हटतं मग तार जोडतात.

लाईट नाही तोवर घरात काय

ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांच्यासाठी आधी. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३०० ते ३५० वॅट घेतो. नेहमीचा इन्व्हर्टर, १५० एएचची एक बॅटरी, म्हणजे १२ गुणिले १५०, कागदावर १८०० वॅट-अवर, पण बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही थोडं वाया जातं, हातात ११००-१२०० धरा. म्हणजे कॉन्सन्ट्रेटर तीन तास, तेही पंखा न लावता आणि बॅटरी नवी असेल तर. म्हणून सिलेंडर हवाच. बी टाइपच्या सिलेंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतो, मिनिटाला दोन लिटरने बारा तास जातो, तुमच्या पेशंटचा फ्लो डॉक्टरांना विचारून त्या हिशेबाने किती ठेवायचे ते ठरवा. रेग्युलेटर, चावी, नळी सिलेंडरलाच बांधून ठेवा, आणि घरातल्या किमान दोघांना जोडता आलं पाहिजे, कारण लाईट जाते तेव्हा नेमका जाणकार माणूस ट्रेनमध्ये असतो. ज्या खोलीत ऑक्सिजन आहे तिथे मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन काही नको. इन्व्हर्टर घेताना प्युअर साइन वेव्हचाच घ्या, मेडिकल मशीनला तोच चालतो. आणि वॉचमनच्या केबिनमध्ये कुठल्या फ्लॅटमध्ये पेशंट मशीनवर आहे याची यादी पेशंटच्या घरच्यांना विचारून लावून ठेवा. लाईट गेल्यावर त्या घरांना पहिला इंटरकॉम गेला पाहिजे, आमच्याकडे हे सुरू केलंय आणि मला त्याचा फार आधार वाटतो.

इन्सुलिनवाल्यांनी घाबरू नका. वापरात असलेलं पेन किंवा बाटली बहुतेक वेळा खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे चालते, पाकिटातल्या कागदावर नक्की लिहिलेलं असतं ते बघा. न उघडलेला साठा बंद फ्रीजमध्ये काही तास आरामात राहतो. पण बर्फाला थेट चिकटवून ठेवू नका, गोठलं की वाया गेलं.

फ्रीजचं दार उघडझाप केली नाही तर चार तास चिंता नाही, त्यापुढे मासे, मटण, दूध यांचा विचार करा. गच्च भरलेला फ्रीझर न उघडता दोन दिवसांपर्यंत तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस.

ज्यांना फक्त पंखे आणि नेट हवंय त्यांच्यासाठी वरचाच हिशेब. जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. दोन जुने पंखे, तीन एलईडी आणि राउटर मिळून १९० वॅटच्या घरात, म्हणजे सहा तास. तेच पंखे बीएलडीसी केले तर शंभर वॅट, म्हणजे अकरा-बारा तास. दुसरी बॅटरी घेण्यापेक्षा पंखे बदलणं स्वस्त पडतं आणि वर्षभर बिलही कमी येतं. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं नाही, पावसाआधी पातळी बघा, टर्मिनलवर पांढरी पावडर जमली असेल तर साफ करून व्हॅसलीन लावा. बॅटरी कपाटात कोंडून ठेवू नका, चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो, हवा खेळती पाहिजे.

पंचवीस-तीस मजल्यांच्या बिल्डिंगमध्ये लाईट गेली की पाठोपाठ पाणी जातं. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला की वरची टाकी भरून ठेवायला सांगा. लिफ्टमध्ये एआरडी (लाईट गेल्यावर बॅटरीवर लिफ्ट हलवणारं उपकरण) असेल तर ती जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते, नसेल तर आत शांत बसा, अलार्म दाबा, दार ओढून बाहेर उडी मारायचा प्रयत्न करू नका, लिफ्ट मधे असताना खाली मोकळा खड्डा असतो आणि त्यातच लोक जीव गमावतात. पावसात लिफ्टच्या खड्ड्यात पाणी आलेलं दिसलं तर लिफ्ट बंदच ठेवा, कितीही तक्रारी आल्या तरी.

जनरेटरबद्दल. सोसायटीचा डीजी ऐन वेळी सुरू होत नाही तेव्हा बरेचदा डिझेल असतं पण स्टार्टरची बॅटरी मेलेली असते. आठवड्यातून एकदा लोड देऊन चालवा, नुसता रिकामा फिरवून कळत नाही. आणि हल्ली छोटे पेट्रोल जनरेटर भाड्याने आणून गॅलरीत किंवा पॅसेजमध्ये लावणारे लोक दिसतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. माझी नणंद टेक्सासला असते. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिकडे बर्फाचं वादळ आलं, सगळीकडे हीटर लागले आणि त्याच वेळी गॅसच्या विहिरी आणि वीज केंद्रं गोठली, ४५ लाखांच्या आसपास घरं आणि दुकानं अंधारात गेली, कडाक्याच्या थंडीत काहींची तर दिवसचे दिवस लाईट नव्हती. सरकारी मोजणीप्रमाणे २४६ माणसं गेली. सगळ्यात जास्त थंडीने, पण काही जण ऊब मिळावी म्हणून गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून, घरात कोळशाची शेगडी पेटवून, दाराजवळ जनरेटर लावून कार्बन मोनॉक्साइडने गेले. त्या वायूला वास नसतो, डोकं दुखतं, झोप येते आणि माणूस उठतच नाही. आपल्याकडे थंडी नाही, पण पाऊस आत येतो म्हणून आपण खिडक्या घट्ट लावून बसतो, ते तितकंच धोक्याचं आहे. जनरेटर उघड्यावर, खिडक्यांपासून लांब, आणि त्याची वायर घरातल्या सॉकेटमध्ये घालून उलटी वीज द्यायची नाही, ती बाहेर लाईनवर जाऊन खांबावरच्या वायरमनच्या जिवावर बेतते.

तेच तेच परत होऊ नये म्हणून

एक वही घाला. तारीख, किती वाजता गेली, किती वाजता आली, किती घरांची गेली, पाऊस होता की वारा की काहीच नव्हतं. एक पावसाळा लिहिलीत की कारण त्यातच दिसायला लागतं. पहिल्या सरीला गेली तर इन्सुलेटर. वाऱ्याच्या झोताबरोबर जाते, तर कुठेतरी फांदी तारेला घासतेय. तीन-चार दिवस संततधार झाल्यावर, पाऊस थांबला असतानाही जाते, तर केबलमध्ये किंवा मीटर रूममध्ये पाणी मुरलंय. आणि पाऊसच नाही, उकाडा आहे, रात्री दहा ते एकच्या मधे जाते, तर तो लोडचा प्रॉब्लेम. पंचवीस वर्षांपूर्वी बिल्डिंग बांधली तेव्हा घरोघरी एक टीव्ही, एक फ्रीज होता, आता दोन-दोन एसी झाले पण मंजूर लोड आणि खालून वर जाणारी केबल तीच आहे. याला कम्प्लेंट हे औषध नाही, लोड वाढवून घ्यायचा अर्ज आणि केबल बदलणं हेच आहे, आणि खर्च सोसायटीला बसतो म्हणून कमिट्या टाळतात. टाळू नका, जळालेल्या मीटर रूमचा खर्च त्याहून मोठा असतो.

एप्रिलमध्येच मीटर रूम साफ करून घ्या, तिथे ठेवलेल्या सायकली, जुनी गादी, रंगाचे डबे बाहेर काढा, लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडून कनेक्शनं घट्ट करून घ्या, केबल जिथून भिंतीतून आत येते ते भोक बुजवा कारण पाणी तिथूनच येतं. मीटर बेसमेंटमध्ये असतील तर वर हलवायचा प्रस्ताव जनरल बॉडीत आणा. झाडाची फांदी तारेला लागत असेल तर स्वतः कोयता घेऊन चढू नका, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज द्या, परवानगीशिवाय तोडणं गुन्हाही आहे आणि तारेजवळ जिवाला धोकाही.

बाकी रस्त्यावरचं काम, पिलर उघडा पडलाय, केबल बाहेर आलीय, डीपीला कुंपण नाही, याचे फोटो आणि वहीतल्या नोंदी जोडून सोसायटीच्या लेटरहेडवर शाखा कार्यालयात अर्ज द्या. तोंडी सांगितलेलं कुठेच राहत नाही. दुरुस्तीला जास्तीत जास्त किती वेळ लागावा आणि तो उलटला तर ग्राहकाला भरपाई, हे महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या नियमांत आहे, आणि वीज कायदा २००३ प्रमाणे प्रत्येक वितरण कंपनीला ग्राहक तक्रार निवारण मंच ठेवावाच लागतो. तिथपर्यंत जायची वेळ आली तर कम्प्लेंटचे नंबर आणि तारखा लागतात, म्हणून प्रत्येक वेळी मिळालेला कम्प्लेंट नंबर वहीत लिहा. अर्जाची सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका, आणि ती पोच, वही, कॉन्ट्रॅक्टरचं बिल सगळं सोसायटीच्या एकाच फाइलला लावा, म्हणजे कमिटी बदलली तरी पुढच्या लोकांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.